लिंबायतमध्ये सगळ्या पास

सुरतेला मी याआधी चारदा गेले होते आणि चारही वेळा साड्या घ्यायला. या खेपेला परीक्षा घ्यायला गेले. साड्या घ्यायला गेलेली बाई दुकानदाराशी भांडते आणि खुशीत घरी येते. मीही भांडून आले, पण घरी आल्यावरही माझं भांडण चालूच आहे, म्हणून हे लिहायला बसले. सुरत म्हणजे कापड बाजार आणि येताना बांधून आणलेली घारीची मिठाई, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरूर वाचावं.

आधी माझ्याबद्दल सांगते. अमळनेरला माझं पार्लर आहे, त्याला एकतीस वर्षं झाली. गेली काही वर्षं मी परीक्षक म्हणूनही जाते. पार्लर, दुकानातली विक्री, घरोघरची दुरुस्ती अशी जी कामं थेट गिऱ्हाइकाच्या समोर उभं राहून करायची असतात, त्यांच्यासाठी सरकारने मानकं ठरवली आहेत. म्हणजे या कामाला माणसाला काय काय यायला हवं याची यादी. केंद्रात मुलींनी तीन महिने शिकायचं, मग बाहेरच्या परीक्षकाने येऊन यादीबरहुकूम तपासायचं, मग प्रमाणपत्र मिळायचं. लोक हसतात, पण मला ही यादी मनापासून आवडते. मी शिकले तेव्हा भुवया कोरताना दोऱ्याचं टोक दातांत धरायची पद्धत होती. मी वीस वर्षं तसंच केलं. यादीत लिहिलंय, दोरा तोंडात धरायचा नाही, गळ्यात अडकवायचा. बरोबरच आहे, आपली थुंकी दुसरीच्या डोळ्यावर कशाला? पन्नाशीच्या तोंडावर मी ते नव्याने शिकले आणि आठ दिवस मान धरून बसले. कुठल्याही वयात हात नवं काही शिकू शकतो, हे मला कोणा भाषणातून कळलेलं नाही, त्या अवघडलेल्या मानेतून कळलं.

शुक्रवार, उधना ते लिंबायत

ताप्ती लाइनच्या गाडीत काय घडतं ते खानदेशात कोणाला सांगायची गरज नाही. बारडोली आली की दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागतो, चलथाणला कारखान्याच्या मळीचा वास थेट डब्यात येतो आणि लोक वरच्या पिशव्या काढायला लागतात. मी उधन्याला उतरले. रिक्षावाल्यासाठी एक गुजराती वाक्य मी नवापूरपासून घोकत आणलं होतं. "भाई, मारे लिंबायत जवुं छे," असं मोठ्या ऐटीत म्हणाले.

तो गालात हसला. "बठा ना, ताई. कोनतं गाव तुमनं?"

तो धरणगावचा निघाला. मग काय, पूर्ण रस्ता त्याने अहिराणीत सुरतेच्या खड्ड्यांचा उद्धार केला आणि मी त्याला साथ दिली.

माझी धाकटी नणंद उषा लग्नानंतर लिंबायतला आली ती तिथलीच झाली. नवरा पावरलूमवर, खालच्या मजल्यावर दुसऱ्याचेच माग, त्यामुळे घरातली भांडी दिवसभर हलकी हलकी वाजत असतात. ती स्वतः घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. तिची पोरं तिच्याशी अहिराणीत बोलतात, बापाशी हिंदीत आणि एकमेकांशी गुजरातीत, आणि कोणी कोणाशी काय बोलायचं यात कधी गफलत होत नाही.

गेल्या गेल्या तिने माझ्यापुढे पोंक ठेवला. पोंक म्हणजे आपला हुरडाच. आपल्याकडे शेतात आगटीभोवती बसून, कणसं चोळून, तोंड-हात काळे करून खायचा. इथे तोच दाणा बाजारातून पिशवीत येतो, सोललेला, पाखडलेला, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण हात स्वच्छ ठेवून हुरडा खाल्ल्याचं समाधान काही मला झालं नाही. उषाला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "वहिनी, तुमले हात काळा करनाच व्हयी तर मनी कढई घासी द्या." मी कढई घासली नाही.

शनिवार, तिसरा मजला

केंद्र एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं, खाली साड्यांच्या पॅकिंगचं काम. केंद्र चालवणारे हितेशभाई जिन्यातच स्वागताला उभे. गुळगुळीत दाढी, गोड बोलणं. आत गेल्याबरोबर गरम लोचो पुढे आला. लोचो म्हणजे बिघडलेला ढोकळा, असं मी आजवर समजत होते. तसं नाही. तो मऊ ठेवायचाच असतो, वर तेल, शेव, कांदा. मी दुसऱ्यांदा मागून घेतला. परीक्षकाने केंद्राचं खाऊ नये असा माझा नियम आहे, तो मी त्या दिवशी मोडला, आणि त्याचाही मला आज राग येतो.

सव्वीस मुली एकसारखे टी-शर्ट घालून बसल्या होत्या. भिंतीला मोठा बॅनर. कोपऱ्यात केस बांधायचा सराव करण्यासाठी बाहुल्यांची डोकी मांडलेली, सगळीच्या सगळी अजून प्लास्टिकच्या पिशवीत. मी एकीची पिशवी काढायला लागले तर तिथले शिकवणारे सर लगबगीने आले. "मॅडम, वो डिस्प्ले के लिए है."

लेखी परीक्षा टॅबवर होती. मुली भराभर उत्तरं देत होत्या. सर त्यांच्या मागून फेऱ्या मारत होते आणि जाता जाता मुलींच्या खुर्चीवर टिचकी मारत होते. एक टिचकी, दोन टिचक्या, तीन. थोडा वेळ मला वाटलं, माणसाला सवय असेल. मग लक्षात आलं, एक टिचकी म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा. मी सरांना बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर टॅबवरची बोटं थांबली ती थांबलीच.

मी टॅब बाजूला ठेवून तोंडी विचारलं, "गिऱ्हाईक केस सरळ करायला आलं. क्रीम लावायच्या आधी सगळ्यात पहिलं काय करायचं?"

मग पुढच्या रांगेतली एक हसतमुख मुलगी म्हणाली, "फोटो."

"कसला फोटो?"

"पहला फोटो आणि नंतरचा फोटो, मॅडम. अपलोड करायला लागतो ना."

बाकीच्या मुलींनी माना हलवल्या. त्यांच्यापैकी कोणीही थट्टा करत नव्हतं. तीन महिन्यांत त्यांना फोटोच्या दिवशी तेवढं बोलावलं होतं, टी-शर्ट घालून, हातात ब्रश घेऊन. भुवयांचा सराव करायला दिलेला दोरा बघितला तर तो मागावरचा पॉलिस्टर. सुरतेत पॉलिस्टरला काय तोटा, उचलला आणि दिला. तो घसरतो आणि कातडी चिरतो, भुवयांना सुती दोराच लागतो, हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं. दोघी-तिघींच्या बोटांवर बारीक चिरा होत्या. त्यांना वाटत होतं हे काम असंच असतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हितेशभाईंना मी बाजूला घेतलं. ते हसतच होते.

"बेन, टेन्शन ना लेशो. छोकरीओ गरीब छे. बधीने पास करी दो, एमनुं भलुं थशे."

"भाई, यांना काही शिकवलंच नाही तुम्ही."

"शीखवानुं तो आखी जिंदगी चाले, बेन," ते म्हणाले.

आयुष्यभर शिकत राहावं, हे मी माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. तेच वाक्य हा माणूस स्वतःच्या बचावाला वापरत होता. प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी होतं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

खाली पॅकिंगच्या गठ्ठ्यांशेजारी एक बाई उभी होती. चाळिशीची, अंगाने बारीक, पदर खोचलेला. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तिने वाकून वाचलं.

"तुम्हीच अमयनेरन्या ताई ना? तुमनं नाव मना कागदवर शे."

"कुठल्या कागदावर?"

"सर्टिफिकेटवर. ताई, माले नापास करा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परीक्षक म्हणून मी आजवर पास करा, करा ना मॅडम, हे किती वेळा ऐकलं असेल. हे पहिल्यांदाच ऐकत होते.

तिचं नाव लता. मूळची पारोळ्याकडची. तिचं पार्लर शेजारच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत पडदा लावून केलेलं. एक खुर्ची, एक आरसा, स्वच्छ. ती मला तिथे घेऊन गेली तेव्हा एक गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याच्या भुवया तिने माझ्यासमोर केल्या. हात इतका सुरेख की मी बघत राहिले. फक्त दोरा दातांत. मग तिने आरशाशेजारची चौकट दाखवली. प्रमाणपत्र होतं. तिचा फोटो, कामाचं नाव, भुवया, फेशियल, केस सरळ करणे, रंगवणे, अशी सगळी कौशल्यं, आणि खाली परीक्षक म्हणून माझी सही.

मी त्या बाईला जन्मात बघितलं नव्हतं.

मग आठवलं, आणि आठवलं तेव्हा मी तिच्या त्या एकुलत्या खुर्चीत बसले. दोन वर्षांपूर्वी सुरतेची एक तुकडी मी घरबसल्या तपासली होती. केंद्राने प्रत्येकीचे छोटे छोटे व्हिडिओ पाठवले होते, मी ते लॅपटॉपवर बघून गुण द्यायचे. रविवार होता, घरी पाहुणे यायचे होते. पहिल्या चार-पाच मी नीट बघितल्या. पुढच्यांचे व्हिडिओ चालू करून मी स्वयंपाकघरात जाऊन वरण फोडणीला टाकत होते, परत येऊन पास दाबत होते. केस सरळ करायच्या व्हिडिओत बाहुलीच्या डोक्यावरून एक ब्रश फिरताना दिसायचा, तो हात कोणाचा हेही दिसायचं नाही. मी सगळ्यांना पास केलं. केंद्राने फसवलं हे खरं. मी फसवून घेतलं हेही खरं, कारण मला घाई होती.

लताने मला पाणी दिलं आणि पुढचं सांगितलं. तिलाही केंद्रात फोटोपुरतंच बोलावलं होतं, भुवयांशिवाय तिला काहीच येत नव्हतं. पण भिंतीवर कागद लागल्यावर बाया विचारायला लागल्या, केस सरळ करून देशील का? पोरीबाळींना आजकाल तेच हवं असतं. तिने बाजारातून क्रीम आणलं. गल्लीतल्या एका मुलीचा साखरपुडा होता, तिला बसवलं.

"पुडावर इंग्रजीमा लिखेल व्हतं, माले वाचता उनं नही. मी मुयपासून लाई दिन्हं. धोवाले गयी तर कपाय जयेल व्हतं, आठे लगून." कपाळ कुठवर जळलं ते दाखवायला तिने भुवईच्या वर बोट ठेवलं. "मीच करेल शे ते, ताई. त्या दिनपासून केसले हात लावा नही."

त्यानंतर तिने ठरवलं, नीट शिकायचं. ती या केंद्रात गेली, उधन्याच्या केंद्रात गेली, आणखी एका ठिकाणी गेली. आधार नंबर टाकला की सगळीकडे एकच लाल ओळ यायची, ही व्यक्ती या कामात आधीच प्रशिक्षित आहे. एका माणसाला एका कामाचं शिक्षण एकदाच. कागदावर ती शिकलेली होती, म्हणून तिला आता कोणी शिकवू शकत नव्हतं.

"तुम्ही पास करेल शे, तुम्हीच नापास करू शकतस," ती म्हणाली. "मंग माले बसू देतीन."

मी तिला म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार? उषाच्या घरी जेवायला शेवभाजी होती, आपल्या पद्धतीची, नाकातून पाणी काढणारी. मला तिची चवही लागली नाही. उषाने दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून खडे चिकटवायला बसली.

रविवार, प्रात्यक्षिक

दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची सामानाची पेटी घेऊन गेले, सुती दोऱ्याची गुंडी घेऊन गेले आणि लोचो नको म्हणून सांगितलं. एकेकीला बोलावलं. सव्वीसपैकी तिघींना काम येत होतं, कारण त्या आधीपासून कुठल्या ना कुठल्या पार्लरमध्ये हाताखाली होत्या. बाकीच्यांना कंगव्याने भांग सरळ पाडता येत नव्हता.

यादीतलं अठरावं नाव कोमल. वीस-एकवीस वर्षांची, उंच, कपाळावर केसांची दाट झालर ओढून घेतलेली. दोरा गळ्यात घालायला तिने मान मागे केली तशी झालर सरकली. भुवईच्या वर कातडीचा गुळगुळीत, फिका पट्टा होता, केसांच्या मुळांपर्यंत गेलेला. असला डाग कशाचा असतो ते एकतीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईला विचारावं लागत नाही. तरी मी विचारलं.

"पार्लरमध्ये झालं," ती म्हणाली. "लतामावशीकडे. बाजूच्या गल्लीत."

"आणि तरी तू हेच काम शिकायला आलीस?"

"म्हणूनच आले, मॅडम. मला समजून घ्यायचं होतं की चुकलं काय. क्रीम खराब होतं का मेरी स्किन खराब होती? सगळे बोलतात तुझीच कातडी नाजूक." तिने केस परत कपाळावर ओढले. "इथे पण कोणी सांगितलं नाही. सर बोलले, तू पीछे खडी रह, फोटो में नहीं आना चाहिए."

मी तिला सांगितलं. केसाच्या मुळापासून बोटभर जागा सोडायची असते, कपाळाच्या कडेला व्हॅसलीनचा थर द्यायचा असतो, आधी एका बटेवर करून बघायचं असतं, आणि आग झाली की तत्काळ धुवायचं असतं. तुझ्या कातडीत काही खोट नाही. तिने ते सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचे ओठ हलत होते, पाठ करत असल्यासारखे.

मग मी तिला नापास केलं. तिलाही आणि आणखी बावीस जणींनाही.

निकाल मी तोंडावर सांगते, पाठीमागे काही करत नाही. बहुतेकींनी माना खाली घातल्या. कोमलने घातली नाही.

"लतामावशीला कोणी पास केलं होतं, मॅडम?"

"मी."

"तिला पास केलं, म्हणून माझं तोंड जळलं. आणि आता मला नापास? मॉलमधल्या सलूनमध्ये मला घ्यायला तयार आहेत. सर्टिफिकेट आण बोललेत. फक्त सर्टिफिकेट."

"कोमल, तू पास झालीस तर तुला पुन्हा कधीच शिकता येणार नाही. नापास झालीस तर परत बसता येईल."

"कुठे बसू?" ती ओरडली. "इथेच ना? याच सरांकडे?"

पूर्ण खोली माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी मानकं मानकं करत हिंडते, काय यायला हवं ते मला तोंडपाठ आहे, आणि हे कुठे शिकायचं, असं एका मुलीने सरळ विचारलं तर लिंबायतमधलं एक ठिकाण मला सांगता येईना.

माझा सगळा संताप हितेशभाईंवर निघाला. मी मराठीत सुरुवात केली, मध्ये हिंदीत गेले आणि शेवटी माहेरच्या अहिराणीवर आले, जिच्यात मी पंधरा वर्षांत कोणाशी भांडले नव्हते. त्या मुलींच्या बोटांवरच्या चिरा दाखवल्या, बाहुल्यांवरच्या पिशव्या फाडल्या. खालच्या पॅकिंगवाल्या बाया जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. हितेशभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि टॅब कपाटात ठेवला.

"आवती वखते बीजां बेन आवशे," ते म्हणाले. पुढच्या वेळी दुसऱ्या बाई येतील, एवढंच.

दुपारी उषाच्या घरी बसून मी खात्याला पत्र लिहिलं. दोन वर्षांपूर्वीचं मूल्यांकन मी न बघता केलं, लताचं प्रमाणपत्र रद्द करा, तिला पुन्हा शिकू द्या, माझं परीक्षकाचं कार्ड काढून घ्यायचं तर घ्या. या केंद्रात काय चालतं तेही लिहिलं. उषाने वाचून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमनं काम जाई हाई लिखीसन." मी म्हटलं, जाऊ दे.

त्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. अमळनेरला आल्यावर उत्तर आलं. प्रणालीमध्ये पास उमेदवाराला नापास करण्याची सोय नाही. सोबत माझ्याकडे खुलासा मागितला होता, की माझ्या तुकडीत इतक्या मुली नापास कशा झाल्या. पुढे थोड्याच दिवसांत त्याच तुकडीचा निकाल पुन्हा लागला, फेरतपासणीनंतर. तेवीसच्या तेवीस मुली पास. त्यात कोमलचं नाव आहे. फेरतपासणी कोणी केली, कधी केली, कोणाच्या भुवया कोरून बघितल्या, मी तीन वेळा विचारलंय. आता मला पत्रं येत नाहीत.

सोमवार, लताची खुर्ची

माझं परतीचं तिकीट रविवार संध्याकाळचं होतं. ते मी वाया जाऊ दिलं. सकाळी कोमलच्या घरी गेले. तिची आई ओट्यावर साड्यांना लेस लावत होती, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी कोमलला म्हटलं, आज दिवसभर आहे मी, एक गोष्ट तरी नीट शिकवून जाते. पण माझ्याकडे इथे जागा नाही, लताकडे यावं लागेल. कोमल नाही म्हणाली. लताचा पत्ता तिला सांगायची गरजच नव्हती, मी उठून आले.

लताला मी आधी दोरा गळ्यात अडकवायला शिकवत बसले. पहिल्या अर्ध्या तासात तिने चार वेळा सवयीने दोरा तोंडाकडे नेला आणि चारही वेळा स्वतःलाच शिवी हासडली. मग वैतागून म्हणाली, "ताई, मान मोडी जाई मनी." मी म्हटलं, आठ दिवस मोडते, मग बसते.

अकराच्या सुमाराला पडदा हलला. कोमल दारात उभी होती. लता ताडकन उठली. तिने खुर्ची पुढे केली, पंखा लावला, पाणी आणायला आत गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. कोमल बसली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकवा."

बाहुली नव्हती. कोणाच्या तरी डोक्यावर करून दाखवायला हवं होतं. मी माझा अंबाडा सोडायला हात वर केला, तेवढ्यात लता स्वतःच खुर्चीत बसली आणि तिने केस मोकळे सोडले.

मी शिकवायला लागले. कपाळाच्या कडेने व्हॅसलीन कसं द्यायचं, कानाची पाळी का विसरायची नाही, बट कशी वेगळी काढायची, बाकीचे केस चिमट्याने कसे दूर धरायचे. पुड्यावरचं इंग्रजी मी कोमलला वाचायला लावलं. ती अडखळत वाचत होती आणि लता ते मान न हलवता ऐकत होती. पुड्यावर काय लिहिलंय ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. मग ब्रश मी कोमलच्या हातात दिला. तिचा हात हलका होता. मुळापासून बोटभर जागा तिने आपलं बोट आडवं धरून मोजली, एकदा नाही, तीनदा. क्रीम लावून झाल्यावर घड्याळ बघून वेळ वहीत लिहिली. मी काही म्हणायच्या आत ती लताच्या कानाशी वाकली.

"आग होते का?"

"नही व, बेटा," लता म्हणाली.

"झाली तर लगेच बोला. मी धुऊन टाकेन." कोमलने आरशातून लताकडे बघितलं. "मी पण बोलले होते तुम्हाला. आग होते, आग होते, किती वेळा बोलले. तुम्ही त्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणालात, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, गप बस."